जलद

माझ्या टेबलावर दोन रंगांच्या फायली येतात.
पांढरीला तीनशे दिवस,
केशरीला साठ.
केशरीवर अरबीत एक शब्द असतो, इंग्रजीत एक,
तिसरा मी मनातल्या मनात लिहिते : जलद.

निपाणीच्या शाळेत पाटणेबाई सांगायच्या,
जलद म्हणजे ढग, मुली. जल देणारा.
घाईचा अर्थ नंतरचा.
अबू धाबीत सहाव्या मजल्यावरून ढग क्वचितच दिसतो.
आणि दिसला, की अल ऐनहून विमानं मीठ घेऊन निघतात
त्यालाही घाई करायला.

आजची केशरी फाइल गुडघ्याची आहे.
माणसाच्या कुर्चेतून हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा काढायचा,
त्यातल्या पेशी पाच आठवडे वाढवायच्या,
आणि त्याच्याच सांध्यात परत सोडायच्या,
विरजण लावावं तशा.
चौदा माणसं. नऊ महिने.
चौदातले अकरा आधाराशिवाय जिना चढले.
अकरा!
मीसुद्धा खुर्चीत सरळ झाले.
उतावळ्या नवऱ्याचं बाशिंग गुडघ्याला असतं म्हणतात,
इथे गुडघाच नवरदेव
आणि मुहूर्त काढायला बसवलंय मला.

हुदा येते. हुदा अल केतबी, आमची विभागप्रमुख.
काही विचारत नाही, फाइल उचलून वजन बघते, ठेवते.
दारातून म्हणते,
माझी आई तीन वर्षं खुर्चीवर बसून नमाज पढते.
जमिनीला कपाळ टेकलेलं नाही तिचं.
तुला साठ दिवस थोडे वाटतात,
मला सांग, कुणाचे?

मी उत्तर देत नाही.
मी तक्ता नऊ वाचत असते.
क्रमांक बारा. पुरुष, चौतीस.
व्यवसाय : परांची बांधणे.
सहाव्या महिन्यानंतर : संपर्क तुटला.
कारण : व्हिसा रद्द, मायदेशी रवाना.
कुठला देश, ते रकान्यात मावलं नसावं.

पान एकशे एकवर कंपनीने वचन दिलंय,
प्रत्येक रुग्णावर पंधरा वर्षं लक्ष ठेवू.
पंधरा वर्षं.
या इमारतीत पंधरा वर्षांचा कागद कुणाकडे आहे?
माझा दोन वर्षांचा, त्यातले सात महिने उरलेत.
चहा आणणाऱ्या तोफज्जलचा महिन्याभराचा.
पेशींना बरंय, त्यांना शिक्का लागत नाही.
बाराव्या माणसाबरोबर त्या निघून गेल्या,
विमानात पाय आखडून बसल्या असतील चार तास,
आणि आता कुठल्यातरी बांधावर
तो उकिडवा बसत असेल, अगदी सहज, विडी ओढत.
किंवा सांध्यात सुपारीएवढं काही वाढलं असेल
आणि तो कुणाला सांगत असेल, अबू धाबीत सुई मारली होती,
आणि ऐकणारा म्हणत असेल, बरं.

दर्जा द्यावा, असं मी लिहिते.
खरंच द्यावा. अकरा माणसं जिना चढलीत.
खाली अट चौथी :
रुग्ण ज्या गावी परत जाईल
त्या गावापर्यंत कंपनीने जावं, स्वखर्चाने, पंधरा वर्षं.

कायदा विभागाकडून दोन दिवसांत फाइल परत.
शेरा, लाल शाईत :
'गाव' ही संज्ञा नियमावलीत नाही. व्याख्या जोडावी.

आज अठ्ठावन्नावा दिवस.
सगळे गेलेत, एसीसुद्धा अर्धा बंद केलाय.
गाव : रुग्णाच्या पासपोर्टवरील कायमचा पत्ता.
खोडते. माझ्या पासपोर्टवरचं घर विकून नऊ वर्षं झाली.
गाव : व्हिसा संपल्यावर माणूस जिथे मोजला जातो.
खोडते.
गाव : जिथे गुडघा दुखतोय म्हटलं
की कुणीतरी न बोलता तेल गरम करायला ठेवतं.

हे कायदा विभाग घेणार नाही.
तरी खोडायच्या आधी
एकदा अरबीत कसं दिसेल ते हुदाला विचारावं म्हणून
फोन उचलते.